तांब्याचा तळ सरळ का नसतो? शाळेतल्या चित्रकलेची मुळाक्षरं

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली की दहावीला 7 गुण वाढीव, 'बी'ला 5, 'सी'ला 3. हा हिशेब आपल्याकडे घरोघरी तोंडपाठ असतो. पण त्या परीक्षेत मुलं नेमकं करतात काय, असं विचारलं तर बहुतेक पालकांचं उत्तर 'चित्रं काढतात' इथेच थांबतं. हात चांगला असला तर जमतं, नसला तर नाही, असा एकूण समज. गणित न येणाऱ्या मुलाला आपण क्लास लावतो. चित्र न येणाऱ्याला सोडून देतो.

शिकण्यासारखं मात्र यात भरपूर असतं. राज्याचं कला संचालनालय दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास या शासकीय रेखाकला परीक्षा घेतं, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र (आठवणीतून काढायचा देखावा), संकल्पचित्र (नक्षीकाम) आणि भूमिती-अक्षरलेखन असे चार पेपर. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. शिवाय रेषा, आकार, छटा, रंग, पोत, अवकाश ही घटकांची एक यादी असते, आणि तोल, लय, प्रमाण, विरोध ही तत्त्वांची दुसरी. मुलं दोन्ही याद्या पाठ करतात आणि पेन्सिल हातात घेतली की दोन्ही विसरतात.

विसरतात, कारण या गोष्टी सुट्या सुट्या शिकवल्या जातात. माझ्या मते या सगळ्यांच्या मुळाशी एकच काम आहे, ते म्हणजे तुलना. ही रेषा तिच्या शेजारणीपेक्षा किती लांब, हा भाग त्या भागापेक्षा किती गडद, हा लाल नारिंगीकडे झुकलाय की जांभळ्याकडे. चित्रात कुठल्याच गोष्टीला एकटीची अशी किंमत नसते, ती शेजारी काय आहे त्यावर ठरते. आठवी-नववीच्या वर्गात जे काही शिकवलं जातं, ते या नजरेनं पाहिलं तर बरंच सोपं होतं.

पेन्सिल, अंगठा आणि तांब्या

वस्तुचित्रापासूनच सुरुवात करू, कारण सगळी मेख तिथेच आहे. टेबलावर एक तांब्या, त्याच्या शेजारी एखादं फळ किंवा भाजी, मागे कापड. मुलं भोवती अर्धवर्तुळात बसलेली. काम एवढंच, की समोर जे दिसतंय ते कागदावर यायला हवं.

पहिली अडचण मापाची. चित्रकार हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिल धरतात, हे सगळ्यांनी सिनेमात पाहिलेलं असतं. त्यात नाटक नाही. हात पूर्ण ताणायचा, पेन्सिल आडवी धरून तिचं टोक तांब्याच्या पोटाच्या एका कडेशी जुळवायचं आणि दुसऱ्या कडेपाशी अंगठ्याचं नख आणायचं. हे रुंदीचं माप. आता नख न हलवता पेन्सिल उभी करायची आणि तांब्याच्या उंचीत ते माप किती वेळा बसतं ते बघायचं. बऱ्याच तांब्यांची उंची आणि पोटाची रुंदी जवळपास सारखी निघते. मुलांनी मात्र तोवर तो बाटलीइतका उंच काढून ठेवलेला असतो, कारण तांब्या 'उभा' असतो हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

इथे दोन घोटाळे हमखास होतात. एक म्हणजे कोपर वाकतं. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते, तिचं माप बदलतं, आणि आधीच्या मापाशी तुलनाच होऊ शकत नाही. दुसरा घोटाळा जास्त गमतीचा आहे. मूल पेन्सिलीवरचं माप तसंच्या तसं कागदावर उतरवतं. मग 15 बाय 11 इंचांच्या चौथाई कागदाच्या मधोमध चार बोटांचा तांब्या उगवतो. पेन्सिलीवर आपण तांब्या मोजत नसतो, त्याच्या दोन बाजूंचं नातं मोजत असतो. रुंदी कागदावर कितीही घ्या, उंची तिच्या हिशेबात आली पाहिजे.

कामसूत्रावरच्या यशोधराच्या भाष्यात चित्राची सहा अंगं सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यातलं 'प्रमाण' दुसऱ्याच क्रमांकावर आहे, रंग सर्वांत शेवटी. शाळेतल्या मुलांचा क्रम बरोबर उलटा असतो. पेटी उघडायची घाई, माप नंतर.

मापाइतकीच उपयोगी युक्ती म्हणजे वस्तू सोडून तिच्या भोवतालची रिकामी जागा काढणं. बादलीची कडी काढायला बसलं की मुलं चुकतात, कारण कडी कशी असते हे त्यांना 'माहीत' असतं. त्याऐवजी कडी आणि बादलीचा काठ यांच्यामध्ये सापडलेला पोकळ तुकडा बघा. त्या तुकड्याला नाव नाही, त्याचं ठरावीक चित्र डोक्यात नाही, म्हणून डोळा तो निमूटपणे बघतो. तो तुकडा बरोबर आला की कडी आपोआप बरोबर येते. कपाच्या कानाचंही तेच. यादीतला 'अवकाश' हा घटक तो हाच, आणि त्याचा एवढा रोकडा उपयोग असतो हे परीक्षेची पुस्तकं क्वचितच सांगतात.

आता तळाकडे येऊ.

तांब्याचं तोंड गोल आहे. पण समोरून, किंचित वरून पाहिलं की ते लंबवर्तुळ दिसतं. एवढं मुलं काढतात, फक्त त्याची दोन्ही टोकं करंजीसारखी टोकदार होतात. लंबवर्तुळाला टोक नसतं. ते कडेलाही वळतंच, फक्त झपकन वळतं. खरी चूक मात्र खाली असते. तळ सरळ रेषेनं कापलेला असतो.

'सर, झालं.'

'तळ बघ जरा.'

'सर, टेबल सपाटच आहे ना.'

हे उत्तर तर्काला धरून आहे आणि चित्र त्यामुळेच फसतं. टेबल सपाट आहे हे खरं, पण त्या सपाट टेबलाकडे आपण वरून बघतोय. तोंडाचं गोल जर लंबवर्तुळ दिसत असेल, तर तळाचं गोलही तसंच दिसायला हवं. त्याचा मागचा अर्धा भाग तांब्याआड लपतो आणि पुढचा अर्धा बाक काढून खाली येतो. एवढंच नाही, तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त असतो. गोल वस्तू डोळ्याच्या पातळीच्या जितकी खाली जाईल तितकी ती आपल्याला उघडी, जास्त गोल दिसते. पातळीवर आली की नुसती रेषा उरते. खात्री करायची तर स्टीलचा पेला हातात धरून हळूहळू डोळ्यांसमोर वर आणा. तोंडाचं लंबवर्तुळ चपटं होत होत रेष होतं, आणि पेला आणखी वर नेला की तळ दिसायला लागतो.

म्हणूनच वस्तुचित्राच्या वर्गात पुढच्या बाकावरच्या चित्राची नक्कल मागच्या बाकावर चालत नाही. खाली बसलेल्याला तोंड चपटं दिसतं, उंच स्टुलावर बसलेल्याला ते उघडं दिसतं. शेजाऱ्याचं बघून काढलेलं चित्र शिक्षकांना एका नजरेत कळतं.

ही डोळ्यांची पातळी म्हणजेच यथार्थदर्शनाची, म्हणजे पर्स्पेक्टिव्हची, गुरुकिल्ली. शाळेत तिला सरळ 'आय लेव्हल' म्हणतात. मोकळ्या मैदानात किंवा समुद्रकिनारी क्षितिज बरोबर तिच्यावर येतं. शाळेच्या लांब व्हरांड्यात उभं राहिलं तर छताच्या कडा खाली उतरत जातात, फरशीच्या कडा वर चढत जातात, आणि सगळ्या त्या पातळीवरच्या एका बिंदूकडे, व्हॅनिशिंग पॉइंटकडे, धावतात. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं आणि 1435 मध्ये अल्बर्टी या इटालियन विद्वानानं त्याची रीत लिहून काढली. आपण यथार्थदर्शनात जे शिकतो त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

पण हा नियम म्हणजे चित्राचा धर्म नव्हे. वारली चित्रात दूरचा माणूस लहान होत नाही, झोपडी बाजूनं दिसते आणि तारपा नाच वरून. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेल्या त्या दोन त्रिकोणांच्या माणसाला छाया नाही, जाडी नाही, तरी तो नाचतो. पालघरकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी हीच भाषा कागदा-कापडावर आणून जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वस्तुचित्राच्या पेपरात वारली पद्धतीचा तांब्या काढला तर गुण जातील, ते वारली कमी प्रतीची आहे म्हणून नव्हे. त्या पेपरात विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

काळं किती काळं?

आराखडा झाला की शेडिंग. इथे वर्गखोलीच वैरी होते. छताला चार ट्यूबलाइट, दोन्ही बाजूंना खिडक्या. तांब्यावर चारही दिशांनी उजेड. सावल्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि मुलं अंदाजपंचे कडेनं काळं करत सुटतात. वस्तू मांडल्यावर निम्मे दिवे बंद करून एकाच बाजूची खिडकी उघडी ठेवली, तर महिनाभराचं शेडिंग एका तासात समजतं. शाळांमध्ये हे का करत नाहीत, मला कळत नाही. त्याला पैसे लागत नाहीत. जुने स्टुडिओ उत्तरेच्या खिडकीचे असायचे ते यासाठीच, तिथून थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड येतो. (आपल्याकडे याला एक पोटनियम आहे. मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यच थोडा उत्तरेला असतो.)

एका बाजूनं उजेड असला की गोल वस्तूवर एक ठरावीक क्रम दिसतो. सगळ्यांत उजळ ठिपका म्हणजे हायलाइट. मग उजेडाचा भाग, मग मधली छटा, मग सगळ्यांत गडद पट्टा. आणि हा गडद पट्टा वस्तूच्या अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेला परत किंचित उजळ दिसतं, कारण टेबलावर पडलेला उजेड उसळून तिथे लागतो. शेवटी टेबलावरची पडछाया. वस्तूला चिकटलेल्या जागी ती ठसठशीत असते आणि दूर जाताना विरते. तो कडेचा उसळता उजेड ज्यानं पहिल्यांदा पाहिला, त्याचा तांब्या त्या दिवशी कागदावरून उठून उभा राहतो. मग भरात येऊन मुलं तो इतका पांढरा करतात की हायलाइटशी स्पर्धा करतो. छायेतला सर्वांत उजळ भागही उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच हवा. पुन्हा तुलना आलीच.

टोन, म्हणजे छटेचा गडद-उजळपणा, ओळखायची जुनी युक्ती म्हणजे डोळे किलकिले करणं. तपशील पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे दोन-तीन मोठे तुकडे उरतात. आधी ते तुकडे भरायचे. नक्षी, चमक, चिरा हे सगळं मागाहून. बोटानं घासून शेडिंग 'सॉफ्ट' करण्याची सवय मात्र मला मुळीच आवडत नाही; सगळ्या छटा एकाच मळकट करड्यात विरघळतात आणि कागदाला तेल लागतं ते वेगळंच. वस्तूच्या गोलाईनं वळणारे पेन्सिलीचे फराटे घासण्यापेक्षा जास्त काही सांगून जातात.

पोत हा घटकही इथेच सुटतो. मातीच्या मडक्यावर उजेडाकडून छायेकडे जाताना टोन सावकाश बदलतो. स्टीलच्या डब्यावर पांढऱ्याला लागून एकदम काळं येतं, कारण डबा आरशासारखा समोरची खिडकी आणि मागचं कपाट दाखवत असतो. पितळेचा तांब्या या दोहोंच्या मधला आणि त्याचा हायलाइटही पिवळसर. खडबडीतपणा सर्वांत जास्त दिसतो मधल्या छटेत. भर उजेडात तो धुऊन जातो, गडद छायेत बुडतो. म्हणजे संत्र्याच्या सालीवर सगळीकडे ठिपके काढायची गरज नाही, मधल्या पट्ट्यात काढले तरी संत्रं पूर्ण वाटतं.

टोनची ताकद बघायची असेल तर सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' शोधून बघा. सावंतवाडीच्या या चित्रकारानं 1945-46 च्या सुमारास जलरंगात काढलेलं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात समई घेतलेली स्त्री, ज्योतीसमोर आडोशाला धरलेला हात, आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. रविवर्मा 1906 मध्येच वारले होते. जलरंगात पांढरा सहसा लावत नाहीत, कागदच पांढरा सोडतात. म्हणजे ती ज्योत मुख्यतः आजूबाजूच्या अंधारामुळे पेटलेली आहे. ज्योतीभोवतीचा भाग नखानं झाकून पाहा, निम्मा प्रकाश विझतो.

अजिंठ्याची गोष्ट मात्र याहून वेगळी. तिथे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चेहऱ्यावर छटा आहेत, पण उजेड एका दिशेनं आलेला नाही. कडा गडद, मधला भाग उजळ, एवढ्यावर गोलाई उभी केलेली आहे. विष्णुधर्मोत्तरपुराणातल्या चित्रसूत्रात या छटाकामाला 'वर्तना' म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार सांगितलेत. थोडक्यात, गोलाई दाखवायला एकच खिडकी लागते असं नाही. शाळेत ती लागते, कारण शाळेत 'समोर दिसतं ते' काढायचं असतं.

रंगपेटीतलं राजकारण

लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग. दोन-दोन मिसळले की नारिंगी, हिरवा, जांभळा. हे पाचवीपासून पाठ असतं. मग मूल पोस्टर कलरमधला व्हर्मिलियन आणि प्रुशियन ब्लू मिसळतं आणि जांभळ्याऐवजी शेवाळलेला तपकिरी निघतो. दोष मुलाचा नाही. व्हर्मिलियन हा पिवळ्याकडे झुकलेला लाल आहे आणि प्रुशियन ब्लू हिरव्याकडे झुकलेला निळा. म्हणजे न विचारता पिवळाही आत शिरला, तिन्ही मूळ रंग एकत्र आले आणि चिखल झाला. स्वच्छ जांभळा हवा तर जांभळ्याकडे झुकलेले दोघे घ्यायचे, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन. झगझगीत नारिंगीला व्हर्मिलियन आणि क्रोम यलो. ताज्या पोपटीला लेमन यलो आणि थोडा प्रुशियन ब्लू. बाटलीवरचं नाव वाचायची सवय लागली की निम्मी रंगविद्या आलीच.

सावलीसाठी काळा मिसळणं ही दुसरी सार्वत्रिक खोड. पिवळ्या लिंबाच्या सावलीत काळा घाला, लिंबू शेवाळी दिसायला लागतं. त्याऐवजी पिवळ्यात त्याच्या समोरचा, म्हणजे जांभळा, कणभर मिसळा. वर्णचक्रावर, म्हणजे रंगांच्या गोल तक्त्यावर, समोरासमोर बसणारे रंग मिसळले की एकमेकांचा तोरा उतरवतात, आणि शेजारी-शेजारी लावले की एकमेकांना भडकवतात. हिरव्या लुगड्याला लाल काठ उठून दिसतो तो यामुळेच. पैठणीतली धूपछाव आणखी पुढची पायरी आहे. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग पालटतो. येवल्याच्या विणकराला वर्णचक्राचा तक्ता दाखवायची गरज नाही.

शेजाराचा हा परिणाम शास्त्रीयदृष्ट्या नीट मांडला तो शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसच्या गोब्लॅं विणकाम कारखान्यात रंगाईविभागाची जबाबदारी त्याच्याकडे होती. तक्रार आली की काळा रंग फिका उतरतोय. त्यानं काळ्या लोकरी तपासल्या, तर रंग पक्का होता. फिका वाटायचा तो निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे. कापडातला दोष रसायनात नव्हता, बघणाऱ्याच्या डोळ्यात होता, आणि तोही सगळ्यांच्या. 1839 मध्ये त्यानं हा सगळा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात हे दोन मिनिटांत दाखवता येतं. एकाच करड्या कागदाचे दोन चौकोन कापा, एक काळ्यावर चिकटवा, एक पांढऱ्यावर. मुलं पैजा लावतात की दोन करडे वेगळे आहेत.

यातून पेपरासाठी एक सरळ सल्ला निघतो. रंग पॅलेटवर बघून ठरवू नका, कागदावर त्याच्या शेजाऱ्यांसोबत लावून ठरवा. आणि पोस्टर कलर वाळताना बदलतो हे ध्यानात ठेवा. फिके रंग सहसा थोडे गडद होतात, गडद रंग थोडे फिके. रद्दी कागदावर एक फटकारा मारून वाळू द्यायला फार वेळ लागत नाही.

संकल्पचित्र, बाजार आणि अक्षरं

संकल्पचित्रात तोल, लय, विरोध ही तत्त्वं कामाला लागतात. चौकोनात किंवा वर्तुळात नक्षी भरायची, रंग मोजके. मुलं जागा समान वाटून प्रत्येक तुकड्यात सारख्याच आकाराचं पान बसवतात. चूक काहीच नसते, पण चित्र झोपलेलं दिसतं. सगळेच आकार सारख्या मापाचे असले की तुलनेला जागा उरत नाही, डोळा कुठेही थांबत नाही. एक आकार ठळकपणे मोठा, काही मध्यम, बाकी किरकोळ, असं केलं की नक्षी जागी होते. लयीचंही तसंच. तारपा नाचाचं वलय आठवून बघा. माणसं जवळपास एकसारखी, पण प्रत्येकाच्या पायांत जरासा फरक आणि रांग आत वळत जाणारी. पुनरावृत्तीत थोडा बदल आला की लय होते.

स्मरणचित्राबद्दल माझं मत जरा कडू आहे. परीक्षेच्या तयारीत अनेक ठिकाणी चार-पाच देखावे घोटून घेतले जातात: बाजार, बसथांबा, गणपतीची मिरवणूक, पावसातली शाळा. डाव्या कोपऱ्यात झाड, मागे दोन घरं, पुढे पाठमोरी बाई. विषय कुठलाही येवो, तीच बाई पाठमोरी उभी असते. पाठ केलेलं हे चित्र परीक्षकानं त्या दिवशी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. त्याऐवजी दोन गोष्टी शिकल्या तर कुठलाही विषय पेलता येतो.

पहिली, माणसाचं प्रमाण. उभा प्रौढ माणूस त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो, पाच-सहा वर्षांचं मूल साडेपाच-सहा पट. मुलं मोठ्या माणसालाही पाच डोक्यांत बसवतात, म्हणून बाजारातले सगळे गिऱ्हाईक बालवाडीतले वाटतात.

दुसरी गोष्ट गर्दीची, आणि ही कळली की वर्गात खरोखर 'अरेच्चा' ऐकू येतं. तुम्ही सपाट जमिनीवर उभे राहून बघताय आणि लोक साधारण तुमच्याच उंचीचे आहेत. तर जवळच्या, लांबच्या, सगळ्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात. माणूस दूर गेला की त्याचं डोकं खाली येत नाही, पाय वर सरकतात. तुम्ही ओट्यावर बसून बघत असाल तर ती रेषा उभ्या माणसांच्या कमरेच्या जरा वरून जाईल, जवळच्यांच्याही आणि लांबच्यांच्याही. तांब्याच्या तोंडाला लागू होता तोच आय लेव्हलचा नियम इथे भाजीबाजाराला लागू झाला. गर्दीच्या रस्त्यावर उभं राहून एकदा बघा. लांबच्या माणसांना कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तरंगत ठेवायची सवय सुटते.

अक्षरलेखनाबद्दल एकच सांगतो. अक्षरांमधलं अंतर पट्टीनं सारखं ठेवलं की शब्द विस्कळीत दिसतो. 'र' बारीक, त्याच्याखाली मोकळी जागा, 'क्ष' भरगच्च. मधली पांढरी जागा डोळ्याला सारखी वाटली पाहिजे, मिलिमीटर सारखे नसले तरी चालतील. बादलीच्या कडीतला पोकळ तुकडा आणि दोन अक्षरांमधला पांढरा तुकडा, दोन्ही एकाच नजरेनं बघायचे.

साहित्याची यादी दुकानदाराच्या नव्हे, कामाच्या हिशेबानं करावी. पेन्सिली तीन पुरतात: आराखड्याला एचबी, मधल्या छटांना 2बी, गडदाला 4बी किंवा 6बी. त्या शार्पनरपेक्षा कटरनं, मोठ्यांच्या देखरेखीत, तासाव्यात. शिसं लांब निघतं आणि आडवं धरून मोठा भाग भरता येतो. पोस्टर कलरच्या बारा बाटल्यांत क्रिमसन आणि व्हर्मिलियन दोन्ही आहेत ना, तेवढं बघून घ्या. गोल ब्रश एक बारीक, एक मध्यम, आणि मोठ्या भागांसाठी एक चपटा. चोवीस रंगांची पेटी, सोनेरी-चंदेरी बाटल्या, नक्षीचे स्टेन्सिल हे सगळं राहू द्या आणि वाचलेले पैसे कागदात घाला. सराव स्वस्त कागदावर करायला हरकत नाही, पण परीक्षेआधीचे काही आठवडे जाड ड्रॉइंग पेपरवरच काढायला हवं. पातळ कागद पोस्टर कलरचा दुसरा हात देताना फुगतो, खोडरबर थोडा जास्त फिरला की त्याची लव सुटते, आणि लव सुटलेल्या जागी 6बी कितीही दाबली तरी सारखी छटा धरत नाही.